बहिणीच्या नावावरची गाडी

जुन्या गाडीचा भाव सांगणं हा माझा धंदा आहे आणि या धंद्यात मी भरपूर मारामाऱ्या केल्या आहेत. तोंडाच्या नव्हे, हाताच्या. अंबरनाथ पूर्वेला एका गॅरेजच्या दारात मी एकाच्या कानाखाली असा आवाज काढला होता की समोरच्या वडापाववाल्याचा झारा हवेतच राहिला. त्या बहाद्दराने मीटर मागे फिरवून गाडी आणली होती आणि वर मलाच विचारत होता, "तुला काय घंटा कळतं?" दुसऱ्या एकाने विठ्ठलवाडी डेपोच्या मागे माझ्या तोंडावर पाना हाणला, कारण त्याची पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी मी गिऱ्हाइकासमोर बुडालेली म्हटली. डाव्या भुवईवर त्याचा व्रण आहे. माझी बायको म्हणते, तुझा हात आधी उठतो आणि अक्कल मागून चालत येते. खरंय तिचं. पण भाव मी कधी खोटा सांगितला नाही. म्हणून उल्हासनगरचे गाड्यांचे व्यापारी मला शिव्या घालतात आणि तरी बोलावतात मलाच.

हल्ली मला जास्त करून विजेच्या गाड्यांसाठी बोलावणं येतं, आणि तेही त्या भन्नाट पळणाऱ्या, कोटीच्या घरातल्या. उल्हासनगरात जीन्सवाल्यांकडे आहेत, आनंदनगर एमआयडीसीच्या कारखानदारांकडे आहेत. विकायला काढली की प्रत्येकाचं पालुपद एकच, "अहो, अशी गाडी अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच आहे!" मी म्हणतो, एकच आहे ना, मग उद्या आरसा फुटला तर दुसरा कुठून आणणार तेवढं सांगा. दुर्मिळ गाडीला भाव येतो तो तिच्यामागे गिऱ्हाईक हिंडत असेल तर, सुटे भाग मिळत असतील तर, आणि बॅटरीची वॉरंटी दुसऱ्या मालकालाही लागू असेल तर. नाहीतर गाडी धूळ खाते आणि मालक नुसता भाव खातो.

अशाच एका गाडीखाली मी उताणा पडलो होतो तेव्हा माझी धाकटी बहीण गॅरेजमध्ये आली. ती चिखलोलीला राहायची, नव्या टॉवरमध्ये. नवऱ्याचा आनंदनगरला प्लास्टिकच्या पिंपांचा कारखाना. मला आधी तिच्या चपला दिसल्या. मी सरकत बाहेर आलो. तिने तोंडाला गुंडाळलेली ओढणी सोडली. उजवा डोळा सुजून पूर्ण बंद झाला होता. ओठ फाटला होता. गळ्यावर अंगठ्यांचे दोन काळेनिळे डाग होते, शेजारी शेजारी.

"दादा, ओरडू नकोस," ती म्हणाली. "मला फक्त माझ्या गाडीचा भाव सांग."

मी काही ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी चाकांचा मोठा पाना उचलला आणि निघालो. ती दारात आडवी उभी राहिली.

"जा, मोड त्याचे हातपाय," ती म्हणाली. "मग पोलीस तुला नेतील, वहिनी कोर्टाच्या चकरा मारत बसेल आणि मी त्याच्याच घरात त्याला पेज भरवत बसेन. चालेल तुला?"

"मग काय करू? हात जोडू त्याच्यापुढे?"

"भाव सांग. बदलापूरला आईच्या जवळ मला दोन खोल्या घ्यायच्यात. माझ्या नावाच्या. पोरीला घेऊन जाणारे मी. गाडी माझ्या नावावर आहे, दादा. त्या घरात माझ्या नावावर एवढी एकच वस्तू आहे."

ती कशी तिच्या नावावर आली, तेही सांगितलं पाहिजे. आमच्या दाजींच्या पत्रिकेत वाहनयोग म्हणे वाईट होता. ज्योतिषाने सांगितलं, गाडी बायकोच्या नावाने घ्या. आमच्याकडे असं करतात बरेच जण. बायको म्हणजे घरची लक्ष्मी, तिच्या नावाने वाहन लाभतं. लोन नव्हतं, पैसे एकरकमी भरले आणि आरसी बुकावर बहिणीचं नाव चढलं. टॉवरच्या खाली पूजा झाली तेव्हा मीही होतो. तिच्या हातून स्वस्तिक काढून घेतलं, नारळ फोडून घेतला, दाजींनी सगळ्यांसमोर तिच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला. त्याच आठवड्यात त्याने तिच्या पोटात लाथ घातली, कारण तिने गाडीत पोरीला आइस्क्रीम खाऊ दिलं होतं.

आणि आम्ही गप्प बसलो होतो असंही नाही. दोनदा बैठक झाली. इकडचे मामा, तिकडचे काका, मध्ये चहा आणि चिवडा. तो मेला ढसाढसा रडायचा, सगळ्यांच्या पाया पडायचा, आणि मग चार मोठी माणसं तिची समजूत काढायची की एवढा पश्चात्ताप झालाय तर बाईमाणसाने ताणू नये. दुसऱ्या बैठकीत मी त्याची कॉलर धरून त्याला भिंतीवर आपटला तर मलाच बाहेर काढलं. त्यामुळे या वेळी ती कोणाला सांगणार नव्हती. मी पाना खाली टाकला.

तो तेव्हा कारखान्याच्या कामाला वापीला गेला होता. आम्ही चिखलोलीला गेलो. टॉवरच्या पार्किंगमध्ये ती गाडी कापड पांघरून उभी होती. काळी, रुंद, जमिनीला चिकटलेली. मी लॅपटॉप जोडला. बॅटरीची तब्येत उत्तम निघाली, नव्याला शंभर धरलं तर त्र्याण्णव. पेट्रोलच्या गाडीला कमी चाललेली म्हणजे भारी समजतात. विजेची नुसती उभी ठेवली, तीही पूर्ण चार्ज करून, तर बॅटरी आतून म्हातारी होते. ही रोज पळत होती, घरच्या हळू चार्जरवर चार्ज होत होती. खालून पाहिलं, बॅटरीच्या पेटीवर स्पीडब्रेकरचे किरकोळ ओरखडे. कंपनीने हे मॉडेल थोडकं आणलं आणि बंद केलं होतं. पुण्या-मुंबईचे शौकीन त्यासाठी फोन करतात हे मला ठाऊक होतं. म्हणजे खरी दुर्मिळ.

पण मागचे टायर बघून मी चक्रावलो. साफ बोडके. एवढ्या किलोमीटरला एवढे झिजत नाहीत.

"ही गाडी कोण चालवतं अशी?" मी विचारलं. "शर्यतीला नेतो की काय?"

मी आतलं बघायला डावीकडचं दार उघडलं. हात टेकायच्या चामड्यावर लांबच लांब ओरखडे होते, एकावर एक, चामडं फाटून आतला फोम दिसत होता. मला सवयच लागलीय, तोंडातून निघून गेलं, "याचे वीसेक हजार कापतील. कुत्रं बसवता का गाडीत?"

"मी बसते," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. भांडण झालं की तो तिला गाडीत घालायचा आणि कर्जतकडच्या रस्त्याला न्यायचा. मोकळा पट्टा आला की पाय एकदम खाली. त्या गाडीला आवाज नाही, गिअर नाही. डोळ्याची पापणी लवायच्या आत ती शंभरावर जाते आणि माणूस सीटला खिळतो. समोर ट्रक असला तर अगदी जवळ जाऊन ब्रेक. पुन्हा पाय खाली. तोंडाने विचारत राहायचा, "माझं ऐकणार का? ऐकणार का?" ती दाराचं चामडं धरून बसायची.

मला गाडीला हात लावावासा वाटेना. रडू येत होतं आणि कोणाचा तरी गळा दाबावा असंही वाटत होतं. ती मात्र शांतपणे म्हणाली, "कापायचे ते काप. बहीण म्हणून वाढवून सांगू नकोस. उद्या कोणी म्हणायला नको की भावाने चुना लावला." मी टायरचे कापले, चामड्याचे कापले आणि बहात्तर लाख सांगितले. याच्या फार खाली देऊ नकोस म्हटलं आणि वर कोणी देणारही नाही.

उल्हासनगरच्या एका सिंधी व्यापाऱ्याला मी फोन केला. पांढरे केस, तोंडात सतत बडीशेप, सगळे त्याला साईंच म्हणतात. माणूस घासाघीस करेल, पण टोपी घालणार नाही. त्याने सकाळीच बोलावलं. बहिणीने पोरीला आदल्या दिवशीच बदलापूरला आईकडे सोडलं होतं. सकाळी गाडी काढताना मी विचारलं, "मोबाईलवर या गाडीचं ॲप असतं. ते कोणाकडे आहे? गाडी हलली की त्यात कळतं."

"तो वापीला निघायच्या आधीच त्याच्या फोनमधून मी काढून टाकलंय," ती म्हणाली.

साईंनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, चालवून पाहिली, बहिणीच्या डोळ्याकडे पाहिलं आणि तो विषय काढला नाही. मी बहात्तर म्हणालो. ते सहासष्ट म्हणाले. चहा आला. सत्तरवर आले आणि झुलेलालच्या तसबिरीला हात लावून त्यांनी टोकनचे पैसे बहिणीच्या हातात ठेवले. "बोहनी है बेटी. ना मत बोलना." ती मान हलवून हसली. फाटलेल्या ओठाने तिला नीट हसता येत नव्हतं. गाडी बदली करायचा फॉर्म टेबलावर आला आणि तेवढ्यात बाहेर करकचून ब्रेक लागले.

नालायकाकडे दुसरा फोन होता. त्यात ते ॲप तसंच होतं. तो पहाटेच वापीहून परत निघाला होता आणि गाडी चिखलोलीहून हलल्यापासून तिचा ठिपका बघत सुसाट आला होता. भाड्याच्या टॅक्सीतून उतरला तोच हातात लोखंडी रॉड.

"माझी गाडी विकते रांडे!" एवढंच मला नीट ऐकू आलं. त्याने पहिला घाव बॉनेटवर घातला. मग दुसरा. पत्रा आत दबला, रंगाचे टवके उडाले. तो दातओठ खाऊन त्याच जागी हाणत राहिला. मी धावलो तर बहिणीने मला मागून मिठी मारली. "थांब," ती म्हणाली, "हाणू दे त्याला." आणि खरं सांगतो, मी थांबलो, कारण मला दिसत होतं की तो मूर्ख चुकतोय. बाप-आज्यापासून पेट्रोल-डिझेल बघितलेला माणूस, गाडीचा जीव म्हणजे बॉनेट! या गाडीला पुढे इंजिनच नाही. बॉनेटखाली एक रिकामा कप्पा, त्यात फार तर भाजीची पिशवी मावेल. सगळी किंमत खाली तळाशी, बॅटरीत. त्याने दिवा फोडला तेव्हा मात्र माझा जीव कळवळला, तो दिवा परदेशातून यायचा. समोरच्या काचेचं जाळं झालं. साईं दोन्ही हात वर करून ओरडत होते, "अरे कोई पकड़ो इसको!"

रॉड काचेत अडकला तेव्हा बहीण मला सोडून पुढे गेली. आतल्या कप्प्यात तिचं ओरिजिनल आरसी बुक होतं. तिने दार उघडलं, वाकून ते घेतलं, उभी राहिली. उजवा हात दाराच्या चौकटीवर टेकलेला. तिच्या हातात ते कागद बघितले आणि त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. सहीशिवाय गाडी जात नाही हे त्यालाही ठाऊक होतं.

"सही करणार? कर," तो म्हणाला, आणि सगळा भार टाकून त्याने ते जड दार तिच्या बोटांवर आपटलं. दार उघडलं आणि पुन्हा आपटलं.

तो आवाज मी लिहू शकत नाही. मग मात्र मी कोणाचं ऐकलं नाही. मी त्याला केसांना धरून ओढला, त्याचं तोंड त्याच दबलेल्या बॉनेटवर आदळलं, खाली पाडून छातीवर गुडघा रोवला. बुक्क्या किती घातल्या ते आठवत नाही. त्याचे दात माझ्या मुठीत रुतले, माझं रक्त कुठलं आणि त्याचं कुठलं कळेना. साईंची चार माणसं मला ओढत होती आणि मी हटत नव्हतो. तो मरावा असं मला वाटत होतं. आजही वाटतं.

"दादा, सोड त्याला," बहिणीचा आवाज आला. अगदी हळू. "भाव सांग."

मी वळून पाहिलं. ती खुर्चीवर बसली होती. उजवा हात मांडीवर, ओढणीत गुंडाळलेला, ओढणी लाल होत चाललेली. दोन बोटं भलत्याच दिशेला वळली होती.

"वेडी झालीस? आधी हॉस्पिटल!"

"हॉस्पिटलमध्ये गेले की भूल देतील. शुद्धीवर येईपर्यंत मामा येतील, काका येतील, चहा येईल. हा पाया पडेल. घरी चल म्हणतील. मला माहितीय ना, मी जाईन. मला चार माणसांना नाही म्हणता येत नाही दादा. आत्ताच काय ते कर."

मी रक्ताळलेल्या हातांनी टॉर्च घेतली आणि गाडीखाली शिरलो. तिथे, त्या फुटक्या काचांवर पाठ टेकून, मी हमसून रडलो आणि रडत रडत पेटी तपासली. एक टाका उसवलेला नव्हता. लॅपटॉप लावला, आकडा तोच. बाहेर येऊन म्हणालो, "बॅटरीला धक्का नाही. बॉनेट, काच, एक दिवा, रंग. पाच लाख जातील. पासष्ट."

साईं व्यापारीच शेवटी. कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "पचपन दादा. अब केस-कचहरी वाली गाड़ी है." माझी मूठ पुन्हा वळली. पण बहीणच बोलली, "साईं, बॅटरी फुटली असती तर मी पन्नासला पण दिली असती. फुटली नाही. बोहनी तुम्ही केलीत, मी नाही म्हटलं नाही. आता तुम्हीही नाही म्हणू नका." म्हाताऱ्याने तिच्याकडे बघितलं, मग त्या ओढणीकडे. "पैंसठ," ते म्हणाले आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

त्यांच्या माणसांनी धरलेला आमचा दाजी जमिनीवरून हसला. पुढचे दात गेले होते तरी हसला. "पण सही? सही कशाने करते बघतो ना."

साईंनी फॉर्मकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिच्या हातात पेन धरता येणं शक्यच नव्हतं.

"शाईचा पॅड आहे ना तुमच्याकडे?" बहिणीने विचारलं.

साईंनी ड्रॉवरमधून निळा पॅड काढून तिच्यासमोर उघडला. माझी बहीण बी.कॉम. आहे, फर्स्ट क्लास. आमच्या घरात आजीनंतर कोणी कशावर अंगठा उठवला नव्हता, आणि आजीला त्याची इतकी लाज वाटायची की तिने आम्हा सगळ्यांना मारून मारून शाळेत पाठवलं. बहिणीने डावा अंगठा शाईत दाबला. मी फॉर्म घट्ट धरला. जिथे सही किंवा अंगठा असं छापलेलं असतं तिथे तिने अंगठा टेकवला, नीट, कडेपासून कडेपर्यंत फिरवून. दुसऱ्या फॉर्मवरही तसाच. खाली साक्षीदार म्हणून मी सही केली. साईंनी कागद उचलले, फुंकर मारून वाळवले आणि तिजोरीत ठेवून किल्ली फिरवली.

किल्ली फिरली तेव्हा ती ओरडली. हात छातीशी धरून, तोंड वर करून, सगळा जीव लावून. रस्त्यावरच्या रिक्षा थांबल्या, समोरच्या दुकानातले कापडवाले बाहेर आले, आणि दाजीचं हसू तिथल्या तिथे बंद झालं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि तिचा एवढा मोठा आवाज त्यानेही कधी ऐकला नव्हता, कारण शेजारी ऐकतील म्हणून ती उशी तोंडात धरायची. मी तिला उचललं आणि रिक्षात घातलं. स्टेशनजवळच्या हॉस्पिटलपर्यंत ती ओरडत होती आणि मी तिला गप्प बस म्हणालो नाही.